बारावा बोल्ट

"हे काय मांडलंयस गं, जयमाला? हळदीकुंकू हाय व्हय आज?"

अंकुशदादानं हे विचारलं तेव्हा मी गॅरेजच्या शहाबादी फरशीवर गुडघे टेकून खडूनं ठिपके काढत होते. समोर जमदाडे आण्णांची डिझेल गाडी बॉनेट वर करून उभी होती आणि तिच्यातून निघालेला पहिला बोल्ट माझ्या डाव्या मुठीत होता.

"हळदीकुंकूच हाय," मी म्हटलं. "तुमी बाई असता तर तुमालाबी बोलावलं असतं."

तो हसला आणि पुन्हा आपल्या टेम्पोखाली सरकला. हसू दे म्हटलं. मी मुळातच आगाऊ आहे, असं आमच्या घरचं एकमुखी मत होतं, आणि मला ते कधी फारसं लागलंही नाही. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. जिला दोन वर्षं त्या वर्गात काढता आली, तिला अंकुशदादाच्या चेष्टेनं काय होणार?

तासगावात दस्तगीरचाचांच्या गॅरेजात मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत मी ऑइल बदललं, फिल्टर बदलले, पंक्चर काढली, ब्रेक साफ केले. इंजिनाला हात मात्र चाचांनी कधी लावू दिला नाही, माझ्या कितीतरी आधीपासून तिथं काम करणाऱ्या अंकुशदादालाही नाही. चाचा इंजिनावर वाकलेले असत आणि मी त्यांच्या मागं उभी. ते मान वळवत नसत. नुसता उजवा हात मागं करायचा आणि आकडा म्हणायचा. "बारा." बाराचा पाना त्या हातात पडला पाहिजे. "दहा." दहाचा पडला पाहिजे. चुकीचा पडला तर ते काही बोलत नसत. तो पाना तसाच खाली सोडून द्यायचे, आणि फरशीवरचा तो आवाज सगळ्या गॅरेजला ऐकू जायचा. माझ्यासाठी तो आवाज पहिल्या महिन्यात चार वेळा झाला. त्यानंतर कधी झाला नाही.

त्या दिवशी सकाळी मात्र चाचा खुर्चीतून उठलेच नाहीत. "आण्णांच्या गाडीला मी हात लावणार न्हाई," ते म्हणाले. "काम तुझं. नीट झालं तर उद्यापासनं इंजिनाला बस. न्हाई झालं तर हाय आपलं ऑइल आणि पंक्चर."

"आणि अंकुशदादा?"

"त्यो त्याचं बगंल. तू तुझं बग."

आण्णा म्हणजे बेदाण्याचे व्यापारी, वजनदार माणूस, बोलण्यातही आणि तसेही. त्यांची गाडी काळा धूर ओकत होती, चढाला दम टाकत होती, उभी असली की थरथरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीची पुण्यात परीक्षा होती आणि संध्याकाळी पाचला त्यांना निघायचं होतं. दुखणं ईजीआरचं होतं, हे मी ऐकूनच ओळखलं. डिझेल गाडी आपलाच थोडासा धूर एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात घेते. त्यानं बाहेर जाणारा विषारी धूर कमी होतो. पण वर्षानुवर्षं धूर गिळून गिळून तो व्हॉल्व्ह आणि धूर थंड करणारा कूलर काजळीनं बुजतात, व्हॉल्व्ह उघडा तर उघडाच राहतो, आणि मग गाडीचा जीव गुदमरतो.

"पत्रा मार की मधी," टेम्पोखालून अंकुशदादा म्हणाला. "धूर परत जायलाच नको. पंधरा मिन्टांचं काम."

पुष्कळ ठिकाणी तसंच करत. वाटेवर पत्र्याची चकती बसवायची, वाट बंद, कटकट मिटली. गाडी पळते, आणि तिचं विष मागून चालणारे खातात. चाचांच्या गॅरेजात पत्रा चालत नव्हता आणि मलाही मारायचा नव्हता. पहिलंवहिलं इंजिनाचं काम आणि त्यात पत्रा? मग मी शिकले कशाला?

आता त्या ठिपक्यांचं सांगते. माझी आई ठिपक्यांची रांगोळी काढते. आमच्या कुंभारवाड्यात तिच्याइतकं नीट कोणी काढत नाही. तिचा एकच नियम. आधी ठिपके मोजायचे, मग रेघ. ठिपका चुकला तर रेघ मिटत नाही आणि आधीचं सगळं पुसावं लागतं. मी बोल्ट काढायला घेतला तेव्हा तो ठेवू कुठं असा प्रश्न पडला. सगळे बोल्ट वरून सारखे, पण एक लांब, एक आखूड. चाचा ते सगळे लक्षात ठेवत. चाळीस वर्षांची सवय होती त्यांना. माझ्याकडे ती नव्हती. मग जे होतं ते मी वापरलं.

फरशीवर खडूनं आधी व्हॉल्व्हचा, कूलरचा आणि मधल्या नळीचा आकार काढला. जिथून बोल्ट निघाला तिथं ठिपका, आणि ठिपक्यावर तो बोल्ट. व्हॉल्व्हचे चार, नळीचे दोन, कूलरचे चार आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक. अकरा ठिपके. अंकुशदादाला रांगोळी वाटली ती काही खोटी नव्हती.

आतली काजळी मी आयुष्यात विसरणार नाही. चुलीवरच्या भांड्याची काजळी कोरडी असते, झटकली की उडते. ही तेल पिऊन चिकट झालेली, खरवडली तर बोटाला धरून बसणारी. व्हॉल्व्हच्या तोंडाला करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. मी व्हॉल्व्ह उघडमिट करणारी विजेची मोटार सोडवून बाजूला ठेवली, तिला थेंबही लागू दिला नाही. बाकीच्यावर क्लीनर मारला, लाकडी काडीनं टोकरलं, जुन्या टूथब्रशनं घासलं. तारेचा ब्रश अंकुशदादानं पुढं केला होता. तो मी घेतला नाही, कारण व्हॉल्व्ह ज्या कडेवर मिटतो तिला ओरखडा उठला की तो पुन्हा नीट मिटत नाही. कूलर रॉकेलमध्ये बुडवून हलवला, तर शाईसारखं काळं रॉकेल निघालं. सात वेळा धुतला तेव्हा आठव्यांदा स्वच्छ निघालं. मग एक तोंड बंद करून पाणी भरलं आणि अर्धा तास उभा करून ठेवला. खाली ठेवलेला कागद कोरडा राहिला. व्हॉल्व्ह मिटवून वर चमचाभर डिझेल ओतलं. तेही खाली झिरपलं नाही.

बोल्ट मी एका परातीत रॉकेल घेऊन एकेक धुतले आणि पुसून आपापल्या ठिपक्यावर परत ठेवले. मध्येच कधीतरी चाचा चहाचा ग्लास हातात घेऊन येऊन गेले. वाकून फरशीवरच्या आकारांकडे बघितलं, परातीकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. पण ते "हूं" एवढंच म्हणाले आणि खुर्चीकडे परतले.

जोडताना मी आईचा नियम पुरा केला. सांध्यांत दाबून धूर अडवणाऱ्या पातळ चकत्या, म्हणजे गॅस्केटं, नवी टाकली, आणि एक बोल्ट बसला की त्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढली. दुसरा बसला की पुढची रेघ. शेवटचा, पट्टीचा बोल्ट आवळला तेव्हा शेवटची रेघ पहिल्या ठिपक्याला जाऊन मिळाली. त्या वेळी साडेचार वाजले होते. मी उभी राहिले, कमरेला हात लावले, आणि खरं सांगते, स्वतःवर इतकी खूश झाले की आत्ता आईनं बघायला पाहिजे होतं असं वाटलं.

तेवढ्यात आण्णा आले. पांढरा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. "झाली का?"

"झाली, आण्णा. पाणी भरलं की सुरू करून दावते."

मी कूलंट भरत होते. अंकुशदादा मदतीला म्हणून आला आणि त्यानं ती परात उचलून घाण रॉकेल डब्यात ओतलं. ओतता ओतता परातीत काहीतरी खणकन वाजलं.

त्यानं बोटं घालून बाहेर काढलं. बोल्ट होता. तेराच्या पान्याचा, आमच्याच मापाचा, काळ्या रॉकेलमध्ये बुडालेला.

आण्णांनी बोल्टकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"ह्यो कुटला?" त्यांनी विचारलं.

अंकुशदादा माझ्या कानाशी आला. "खिशात घाल," तो पुटपुटला. "एकादा उरतोच. कायबी हुत न्हाई. गाडी तेवढीच हलकी."

तो वाईट माणूस नव्हता. मला वाचवायलाच म्हणत होता. पण मी हात खिशाकडे नेला नाही. एक बोल्ट राहिला असेल तर त्या सांध्यातून तापलेला धूर बॉनेटखाली सुटणार. वर वायरी, रबरी नळ्या. मधे घाट. आणि आत आण्णांची मुलगी. उलट सगळं परत खोललं, तर दाबलेली गॅस्केटं वाया जाणार, नवी आणायला सांगलीला जावं लागणार, आणि गाडी आज निघणार नाही. म्हणजे मुलीची परीक्षा गेली. आणि माझं इंजिनही गेलं.

"बाईमाणसाच्या हातात दिलं तवाच मला वाटलं हुतं," आण्णा स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं बोलले. "खोला परत."

मी फरशीकडे बघितलं. रेघ मिटलेली होती. अकरा ठिपके, आणि एकही मोकळा नव्हता.

"आण्णा, ह्यो बोल्ट माझा न्हाई," मी म्हटलं.

"तुजा न्हाई म्हंजे? तुज्या परातीत हुता की."

"परातीत हुता. पर तुमच्या गाडीतला न्हाई. मी अकरा काढलं, अकरा बसवलं. हितं बगा."

आण्णांनी माझ्या रांगोळीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी इथं लिहीत नाही. "ठिपका द्यायचा राहिला आसंल," अंकुशदादा हळूच म्हणाला, आणि त्याचंही चूक नव्हतं. तसं होऊ शकत होतं. माझी रेघ खरी की तो बोल्ट खरा, एवढाच प्रश्न होता, आणि बोल्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मी तो अंकुशदादाच्या हातातून घेतला, पदरासारखं खांद्यावर टाकलेल्या फडक्यानं पुसला आणि दारात उजेडाला नेला. स्वच्छ पांढरट लोखंड. आटे करडे. मी पुन्हा बघितलं. मग तो घेऊन बॉनेटपाशी परत आले.

"आण्णा, माझा बा विटा भाजतो," मी म्हटलं. "कच्ची वीट आणि भाजल्याली वीट मला अंधारातबी कळती. तुमच्या गाडीचं बोल्ट वरीसनवरीस धुराजवळ तापल्यात. ह्यो व्हॉल्व्हचा बोल्ट बगा, हितनं दिसतोय. मानेला तांबूस रंग चढलाय का न्हाई? त्यो रंग रॉकेलनं जात न्हाई. आणि ह्यो बगा. ह्यो कदी तापलाच न्हाई."

आण्णा वाकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांना फरक दिसला, ते मला कळलं. पण दिसणं वेगळं आणि मुलीला गाडीत बसवणं वेगळं. ते खुर्चीकडे वळले.

"चाचा, तुमी उटा. तुमी सांगा, मग मी गाडी न्हेतो."

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यांना माहीत होतं की ते एकदा उठून "जाऊ द्या, ठीक हाय" म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं. मलाही माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. तीन वर्षांत मी त्यांच्याकडून काही मागितलं नव्हतं, पण तेव्हा मनातल्या मनात मागत होते.

"काम तिचं हाय," चाचा म्हणाले. "तिलाच इचारा."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बाहेर पडायच्या आत मी वळले आणि अंकुशदादाला म्हटलं, "दादा, तुमच्या गणपतीफुडची उदबत्ती द्या."

"आता ही कशाला? रांगोळी झाली, आता आरती करतीस व्हय?"

"व्हय. वरचा पंखा बंद करा आणि गाडी सुरू करा."

त्यानं फोटोपुढची उदबत्ती पेटवून दिली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सकाळी थरथरत होती ती आता एका सुरात घुमत होती, पण त्याचा आनंद करायला मला सवड नव्हती. इंजिन तापून रेडिएटरचा पंखा फिरायला लागायच्या आत मला हे उरकायचं होतं, नाहीतर धूर भलतीकडेच उडाला असता.

"आण्णा, जवळ या. कुटं सांधा उगडा आसंल तर आतली हवा बाहीर मारंल आणि ह्यो धूर उडंल. नीट आसंल तर सरळ वर जाईल. तुमीच बगा. माझ्यावर इस्वास ठेवू नका."

ते आले. बॉनेटखाली आमच्या दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागत होती. मी उदबत्ती व्हॉल्व्हच्या पहिल्या बोल्टाशी धरली. धूर सरळ वर गेला. दुसऱ्याशी धरली, सरळ. प्रत्येक जागी मी मनात दहा मोजत होते. नळीचे दोन. कूलरचे चार, त्यातल्या मागच्या दोन बोल्टांपर्यंत पोचायला मला खांद्यापर्यंत हात घालावा लागला आणि कोपराला चटका बसला. उदबत्तीची राख आण्णांच्या पांढऱ्या शर्टावर पडली, ती त्यांनी झटकलीसुद्धा नाही. "धा," "अकरा," असं तेच पुटपुटत होते.

अकराव्या बोल्टाशी धूर सरळ वर गेला, बॉनेटला लागला आणि पसरला.

आण्णा सरळ उभे राहिले. बराच वेळ त्यांनी गाडीचा आवाज ऐकला. मग फरशीवरच्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून ते चालकाच्या दाराशी गेले.

"पुण्याला पोचलो की फोन करतो," ते म्हणाले. चाचांना नव्हे. मला.

गाडी निघून गेली. मागं धूर नव्हता. अंकुशदादा चहा सांगायला गेला, आणि चाचांनी मला हाक मारली.

"बोल्ट आण हिकडं."

मी दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन बघितला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. जागच्या जागी. आपलीच वस्तू परत ठेवावी तसा.

"चाचा," मी म्हटलं. "तुमी टाकला?"

"मग काय तुजा बा आला हुता टाकायला?"

मी तीन वर्षांत त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "गिऱ्हाइकाफुडं माझी परीक्षा घेतली? पोरीची परीक्षा उद्या हाय, चाचा. मी गाडी खोलली असती म्हंजे?"

त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत गॅस्केटांचा दुसरा कोरा सेट होता. "खोलली असतीस तर ह्यो दिला असता. दोगं मिळून बसवला असता. साताला गाडी गेली असती." खण त्यांनी परत ढकलला. "ह्यो बोल्ट मला माझ्या उस्तादानं मिरजेत टाकला हुता. मी सबंद इंजिन खोललं. माझ्या हाताखालनं आजवर नऊ जण गेलं. पाच जणांनी खिशात घातला. चौगांनी परत खोललं, ते चौगं आज मिस्त्री हायत."

पाचांत कोण होतं हे त्यांनी सांगितलं नाही. पण अकरा वर्षं गॅरेजात असून अंकुशदादा इंजिनाला का बसत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. ते मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"मी तर खोललीच न्हाई," मी म्हटलं. राग अजून होता, पण आवाज खाली आला होता.

"तेच तर म्हणतोय," चाचा म्हणाले. "माझा न्हाई, असं कुनी म्हनलं न्हवतं. मीबी न्हाई."

एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. मी तिथंच उभी राहिले. काय करावं ते कळेना, म्हणून पान्यांचा खोका पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आण्णांचा फोन आला. रात्री सुखरूप पोचले होते, मुलगी पेपराला बसली होती, आणि घाटात गाडीनं दम टाकला नव्हता. फोन चाचांनी घेतला, "व्हय, सांगतो तिला," म्हणाले आणि मला काहीच सांगितलं नाही. आण्णांचा आवाज फोनमधून अख्ख्या गॅरेजला ऐकू जात होता, त्यामुळं सांगायची गरजही नव्हती.

मग चाचा उठले. एका जीपचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. असला गिअरबॉक्स त्यांनी शेकड्यानं खोलला असेल. ते गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसले, आणि सवयीप्रमाणं न बघता उजवा हात मागं केला. आकडा काही म्हणाले नाहीत. गिअरबॉक्स आहे म्हणजे चौदा, असा हिशेब करून मी चौदाचा पाना त्या हातात ठेवला.

पाना खाली पडला. फरशीवर त्याचा आवाज झाला. टेम्पोखालून अंकुशदादानं डोकं बाहेर काढलं.

चाचांचा हात तसाच मागं होता, उघडा.

"पाना न्हवं," ते म्हणाले. "खडू दे."